घंटा होईपर्यंत

हात्सुमी नोजिरी कामावर आली की एप्रन बांधायच्या आधी भिंतीवरच्या तक्त्यापाशी जाते. एकोणीस म्हाताऱ्यांची नावं, पुढे तारखा, आणि प्रत्येक चौकोनात एक खूण. पोट साफ झालं असेल तर गोल, नसेल तर रेघ. ओळीने तीन रेघा आल्या की आमच्या वृद्धनिवासात नर्सला, म्हणजे मला, थेंबांची बाटली काढावी लागते. झोपताना पाण्यातून दहा थेंब, सकाळी काम फत्ते. नियम साधा आहे आणि मला साधे नियम आवडतात. हात्सुमीला आवडत नाहीत. तीन रेघा दिसल्या की ती विचारते, "पण का?"

या "पण का"ने तिने माझं डोकं सतरा वर्षं खाल्लं आहे. ती शिकलेली नाही असं म्हणता येणार नाही, पण तिचं शिक्षण सासूच्या अंथरुणापाशी झालं. सासू सहा वर्षं पडून होती. ती गेल्यावर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, नवऱ्याची सफरचंदाची बाग त्याच्यावर सोडून हात्सुमी इथे आली. पहिल्याच आठवड्यात तिने मला ऐकवलं की सानाएमोन आजोबांना गोळीची नाही, जवाच्या भाताची गरज आहे. मी रागावले. आजोबांना जवाचा भात मिळाला आणि त्यांची गोळी बंद झाली. मी तेव्हाही रागावलेलीच होते.

तिचे उपाय एका जागी लिहिलेले नाहीत, ते तिच्या हातात आहेत. कुणाला उठल्या उठल्या कोमट पाणी, कुणाला भिजवलेले सुके आलुबुखार, कुणाला गोबो नावाच्या रोपाची तंतुमय मुळं आणि समुद्रशेवाळाची खीर. पोट चोळायची तिची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या लिपीतलं 'नो' हे गोल अक्षर ती तळव्याने पोटावर काढते, उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली. चोळता चोळता चौकशी चालू. लग्नाआधी कधी जायचात? गुरांना चारा घालायच्या आधी की नंतर? म्हातारे लाजतात, मग हसतात, मग सगळं सांगतात.

आणि ही बाई स्वतः तीस वर्षं जुलाबाच्या गुलाबी गोळ्यांवर जगते आहे. तिच्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली पाकीट असतं. आधी एक घ्यायची, आता तीन. मी म्हटलं, अगं, अशाने आतडं आळशी होतं, जरा स्वतःला विचार ना "पण का". ती म्हणाली, मला घराबाहेर होत नाही सिस्टर, आणि घरी मी असते कुठे? तेवढ्यात, कुणी म्हाताऱ्याने खोलीतून बटण दाबलं की वाजते ती तिच्या खिशातली घंटी वाजली आणि ती पळाली. तिच्याबाबतीत बोलणं नेहमी इथेच संपतं.

तर ओरितोबाईंची गोष्ट. फुसाए ओरितो, वय शहाऐंशी, उंची जेमतेम चार फूट सात इंच, गावच्या प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं शिक्षिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं आहे, हात्सुमीसुद्धा. बाई तिला अजून हजेरी घेतल्यासारखी तिच्या माहेरच्या आडनावाने, ओगिसो म्हणून, हाक मारतात. त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला रेडिओवर रोज लागणाऱ्या सामूहिक व्यायामाचा पियानो सुरू झाला तेव्हा न विचारता सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही बाकीच्यांना खुर्च्यांवर बसवतो. बाई खुर्चीची पाठ धरून उभ्याने करतात आणि मोठ्याने मोजतात. तेव्हापासून ती जागा त्यांची.

या वसंतात त्यांच्या नावापुढे रेघा सुरू झाल्या. मूत्रपिंडं नाजूक, म्हणून नेहमीची मॅग्नेशियमची गोळी मला वाढवता येत नव्हती. हात्सुमीने आलुबुखार दिले, पोट चोळलं. कमोडवर बाईंचे पाय अधांतरी लोंबतात हे तिने पाहिलं, आणि घरून सफरचंदाचं खोकं आणून पायाखाली ठेवलं. आयुष्यभर उकिडवं बसलेल्या माणसाला टेकायला काहीतरी हवं, असं तिचं म्हणणं. बरोबर होतं, पण रेघा हटेनात. हात्सुमीच्या हट्टापायी मी नियम मोडून दोन दिवस जास्त थांबले, आणि पाचव्या रात्री थेंब दिले. सकाळी साडेसहापर्यंत काही नाही, आणि व्यायामाच्या ऐन मध्यावर, सगळ्यांसमोर, बाईंचे कपडे खराब झाले. त्या जागच्या हलल्या नाहीत. पियानो थांबेपर्यंत मोजत राहिल्या.

त्यानंतरही त्या रोज व्यायामाला पुढे उभ्या राहिल्या, पण थेंबांना त्यांनी हात लावला नाही. जेवण अर्धं केलं, पाणी घोटभर. पोटात काही गेलंच नाही तर लाज कशाने जाणार, असा हिशेब. पुढचे सात दिवस सात रेघा. एनिमा दिला तर खडे पडल्यासारखे चार खडे. वजन अडतीसवरून पस्तीस किलो. डॉक्टरांनी फोटो काढला, आतड्यात गाठ नाही, अडथळा नाही, नुसतं गच्च भरलेलं. ते म्हणाले, शुक्रवारी दुपारपर्यंत पोट हललं नाही तर शहरातल्या इस्पितळात न्यायचं.

बाईंची थोरली बहीण अशीच आठ दिवसांसाठी इस्पितळात गेली होती. ती परत आली नाही. शिवाय महिनाभर खोली रिकामी राहिली की आमच्याकडे ती यादीतल्या पुढच्याला मिळते, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी कपाटातले कपडे घड्या घालून खोक्यात भरायला घेतले. मला ते बघवेना.

माझं मत झालं होतं की वयामुळे बाईंना कळ आलेली कळतच नाही. हात्सुमी म्हणाली, मग त्या दिवशी व्यायामातच का झालं? सहाला का नाही, आठला का नाही? मी म्हटलं, योगायोग. गुरुवारी ती खुर्च्यांच्या मागे न थांबता बाईंच्या शेजारी, भिंतीला टेकून उभी राहिली आणि दहा मिनिटं त्यांच्या हातांकडे नाही, पायांकडे बघत राहिली. कमरेतून पुढे-मागे वाकण्याचा प्रकार आला तेव्हा बाईंच्या चपलांतली बोटं आवळली, गुडघे एकमेकांना चिकटले, आणि मोजण्याचा आवाज एकदम चढला. थोड्या वेळाने बोटं सैल पडली. कळ आली होती, दाबली गेली होती, आणि निघून गेली होती. रोज हेच होत असणार. उठल्यावर कोमट पाणी, मग वाकणं, पीळ देणं. आतडं बिचारं वेळेवर जागं होत होतं आणि बाई त्याला गप्प बसवत होत्या.

दुपारी हात्सुमी त्यांच्या खोलीत गेली. मी औषधं द्यायला मागोमाग गेले.

"बाई, व्यायामात तुम्हाला कळ येते ना?"

बाईंनी घडी घालणं थांबवलं नाही. "पुढे उभं राहिलेल्या माणसाने मध्येच निघून जायचं नसतं, ओगिसो."

"आणि नंतर?"

"नंतर होत नाही. शिवाय सगळे न्याहारीला शेजारीच बसलेले. त्या दाराला काही जाडी आहे का? आवाज जातो."

हात्सुमी थोडी पुढे सरकली. "व्यायामाच्या वेळी संडासाकडे चिटपाखरू नसतं, बाई. आणि तो पियानो चालू असताना कुणाला काय ऐकू येणार आहे? उद्या मी उभी राहते पुढे."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तुझे हात कोपरात वाकतात, दुसरीत होतीस तेव्हाही वाकायचे, असं म्हणाल्या. पण रात्री त्यांनी पूर्ण जेवण घेतलं आणि माझ्याकडून पाच थेंबही घेतले.

शुक्रवारी मी मुद्दाम लवकर आले. पियानो सुरू झाला. वाकण्याचा प्रकार आला, बाईंचा आकडा पाचवर अडखळला, आणि हात्सुमीने तिथून पुढे सहा म्हटलं. बाई अजून उभ्याच. मला वाटलं, नाही जमणार हे, इस्पितळाला फोन करायला हवा. मग त्यांनी खुर्चीची पाठ सोडली आणि भिंतीच्या कठड्याला धरून, मान ताठ ठेवून निघाल्या. मी रेडिओचा आवाज वाढवला. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. सगळे हात्सुमीच्या वाकड्या कोपरांना हसण्यात गुंग होते.

शेवटच्या दीर्घ श्वासाला बाई परत येऊन जागेवर उभ्या राहिल्या. कपाळावर घाम होता, चेहरा असा मोकळा की मी त्यांना काही विचारलं नाही. तक्त्याच्या चौकोनात त्यांनी स्वतःच्या हाताने गोल काढला आणि मुलांच्या वहीत शाबासकी म्हणून काढायच्या तशा, जुन्या सवयीने त्याच्याभोवती फुलाच्या पाकळ्या काढल्या. मी डॉक्टरांना फोन करून इस्पितळाचं रद्द केलं. थेंब माझे होते, पण वेळ हात्सुमीने शोधली होती.

आठवडाभर हे सुरळीत चाललं. दुसऱ्या शनिवारी न्याहारीनंतर हात्सुमी संडासाच्या दारापर्यंत गेली, खिशात घंटी वाजली आणि ती वळली. बाई बाकावर बसून बघत होत्या.

"ओगिसो, तू कधी जातेस ग? या आठवड्यात चार वेळा दारातून परत फिरलीस."

"मला बाहेर होत नाही, बाई."

"पण का?"

माझे कान टवकारले. हात्सुमी हसून टाळेल असं वाटलं होतं. तिने एप्रनला हात पुसले.

"दुसरीत असताना मी तुम्हाला विचारलं होतं, जाऊन येऊ का. तुम्ही म्हणालात, घंटा होईपर्यंत थांब. मी थांबले. घंटा झाल्यावर सगळी मुलं बाहेर उभी होती, मग मी घरी जाईपर्यंत थांबले. मग तशीच सवय लागली."

"मी असं म्हणाले होते?"

"सगळ्यांनाच म्हणायचात, बाई. माझ्यावर राग नव्हता तुमचा."

बाई उठून खोलीत गेल्या. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहाही खोलीतच घेतला. हात्सुमीला चुटपुट लागली की उगाच बोलले. मला मात्र बाईंची काळजी वाटत होती, कारण अडतीस वर्षांत अशी किती मुलं थांबली असतील हे त्या मोजत असणार.

रविवारी पियानो सुरू झाला. बाई पुढे उभ्या होत्या. पहिलेच हात वर गेले होते, तेवढ्यात त्यांनी मोजणं थांबवलं. खुर्च्यांवरचे सगळे हात वरच राहिले.

"ओगिसो," त्या म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या तशाच आवाजात, "आज आधी तू जा. मी आहे इथे. घंटेची वाट बघू नकोस."

हात्सुमी अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिने मान खाली घातली आणि "हो बाई" म्हणाली. ती माझ्याजवळून जाताना मी तिच्या एप्रनच्या खिशातली घंटी काढून माझ्या खिशात टाकली. ती अकरा मिनिटांनी परत आली. तेवढ्या वेळात घंटी दोनदा वाजली, दोन्ही वेळा मी गेले.