टाका नको म्हणून बसवलेला दात

"हाडानं हा इम्प्लांट धरलाच नाही. काढावा लागेल," अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले. मी खुर्चीत आ वासून पडले होते. रडताही येईना.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. तो धरला की त्यावर कृत्रिम दात चढवतात.

दुष्काळात आमच्या दूध संस्थेनं पाटोद्याजवळ चारा छावणी चालवली होती. मी संस्थेची सचिव. वैरण टाकताना एका गाईनं मान झटकली, शिंग माझ्या समोरच्या दातावर बसलं. दात मुळाशीच मोडला.

पहिल्या डॉक्टरांनी मूळ काढलं आणि जखम भरल्यावर फ्लॅपलेस पद्धत सुचवली, म्हणजे हिरडी न चिरता, बारीक छिद्रातून स्क्रू बसवायचा. "टाका नाही, सूज नाही. उद्या खुशाल छावणीवर जा." छावणीत जनावरं टँकरची वाट बघत उभी. मला तेच हवं होतं.

दुखलं नाही, हे खरं. पण काही आठवड्यांनी हिरडी सुजली, स्क्रू हलायला लागला. फोन केला की एकच उत्तर, "थांबा ताई, बसेल."

शेवटी अंबाजोगाईला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तिथं सीबीसीटी काढला. हा जबड्याचा सगळ्या बाजूंनी दिसणारा स्कॅन. समोरचं हाड फार पातळ होतं आणि स्क्रू त्यातून बाहेर आला होता.

"मग ती पद्धतच खोटी का?" मी चिडून विचारलं.

"नाही. हाड रुंद असेल आणि आधी स्कॅन केला असेल, तर चांगली. त्रास कमी होतो. तुम्हाला मात्र फ्लॅप लागेल. हिरडी चिरून बाजूला करायची, हाड डोळ्यांनी बघायचं. त्याआधी बोन ग्राफ्ट, म्हणजे कमी पडलेल्या जागी हाडाची भुकटी भरायची. महिने जातील. हमी देत नाही."

जुना स्क्रू काढला, भुकटी भरली आणि परत वाट बघणं. मी तोंडावर पदर धरून वावरायचे. सासूबाई वैतागल्या, "कावून गं तोंड झाकतीस? दात गेलाय, जीभ न्हाई गेली!"

तहसीलच्या बैठकीत टँकरच्या खेपा कमी करायचं निघालं. आमचे संचालक कागद चाळत बसले. मी पदर सोडून उठले. 'स' फुसकन बाहेर पडत होता, मागं कुणीतरी हसलं. मी बोलतच राहिले. खेपा कमी झाल्या नाहीत.

पुढं हिरडी उघडून नवा स्क्रू बसवला. गाल सुजला, टाके ओढायचे, नुसती पातळ खिचडी. पण या वेळी हाडानं धरलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, आणि माझं वाया गेलेलं वर्षही.

दात बसल्यावर स्कॅन घेऊन पहिल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तो नीट बघितला. "हे आधी करायला हवं होतं," एवढंच म्हणाले. माझा राग काही उतरला नाही.

बाहेर बाकावर एक बाई गालाला हात लावून बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले.

"बाई, स्क्रू बसवायलात का? हाडाचा स्कॅन केला का आधी?"