खणीकाठचा उस्ताद

उजव्या हाताची मूठ खांद्याच्या वर गेली, की सगळं थांबलं पाहिजे. तो माणूस चहाच्या गाड्यावर गप्पा मारत उभा असला आणि कुठं टायर फुटला, तरी मूठ आपोआप वर जायची. चहावाल्याचा हातसुद्धा किटलीवर थांबायचा. मग तो स्वतःच मुठीकडं बघायचा, हळूच खाली घ्यायचा आणि म्हणायचा, "काय न्हाय. ओता."

आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. शाहूवाडीकडचा, भातशेतीच्या घरातला गडी. फौजेत गेला आणि अकरा वर्षं कमांडो होता. कुठं कुठं गेला, काय केलं, ते कधी बोलला नाही. मग गुडघा गेला, म्हणून नव्या पोरांना परेड शिकवायला ट्रेनिंग सेंटरला धाडला. तिथं सहा वर्षं. पेन्शन घेऊन आल्यावर त्यानं कोल्हापूरच्या बाहेर माळावर जागा भाड्यानं घेतली आणि भरतीची अकॅडमी काढली. दिवसा राजारामपुरीत क्लासला बसणारी पोरं-पोरी सकाळी आमच्या मैदानावर पळायला यायची. मी गेटवर होतो. मैदानावर पाणी मारायचं, पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढायच्या, कुलूप लावायचं. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं बास.

मी त्याला भ्यायचो, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही बघितला असता तर तुम्हीही भ्याला असता.

त्याला दोन आवाज होते. एक परेडचा. तो सुटला की पलीकडच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या गप्प व्हायच्या. त्याची भीती नव्हती, पोरं आठवड्यात सरावायची. भीती दुसऱ्या आवाजाची. राग आला की हा माणूस वरडायचा नाही, उलट त्याचा आवाज खाली खाली यायचा. एकदा मागनं येऊन माझ्या कानाशी बोलला, "मामा, मागचं दार उघडं कुणी ठेवलं?" एवढंच. येताना त्याचा पाय वाजला नव्हता. मी त्या दिवशी चार वेळा ते दार बघून आलो.

त्याला न भिणारं माणूस एकच, आमची ही. डबा घेऊन मैदानावर यायची आणि त्याच्यासाठी एक भाकरी जास्तीची आणायची. एक दिवस त्याला तोंडावर म्हणाली, "उस्ताद, तुम्ही आपलं वरडत जावा. हळू बोलला की पोलीस चौकशीला आल्यागत वाटतंय बगा."

तो हसला. त्याचे दात मी पहिल्यांदा बघितले.

"मामी," तो म्हणाला, "वरडायची नोकरी सहा वर्षांची. गप बसायची अकरा वर्षांची. आत खोल कुठली बसली असंल, तुमीच सांगा."

"भाकरी गार व्हायली," ही म्हणाली.

ही गेली तेव्हा पंचगंगेच्या घाटावर तो पायरीवर सावधान उभा राहिला. पाहुण्यांनी बसा म्हटलं तर बसला नाही. पायावर मुंग्या चढत होत्या, मला दिसत होत्या. जाळ पुरता बसेपर्यंत हलला नाही. माझ्या रडण्यातून एवढंच ध्यानात राहिलं आहे.

त्यानंतर घरात मी आणि नात. कोमल तिचं नाव. तिचे आई-बाप इचलकरंजीला मागावर कामाला. पोर लहानपणापासून आमच्याजवळ वाढली. ही गेल्यावर मला एक रोगच लागला. पोर दाराबाहेर गेली की परत येईपर्यंत मी उंबरा सोडायचो नाही. तिला पोलीस व्हायचं होतं, म्हणून उस्तादाच्या हाताखाली घातली. निदान डोळ्यांसमोर राहील, हा माझा हिशोब. उंच होती. त्यानं तिला पहिल्या रांगेत उजव्या टोकाला उभी केली.

त्याचा एक नेम होता. 'थम' त्यानं म्हटल्याशिवाय पाय थांबायचा नाही. "म्होरं भिंत येऊ दे, न्हाईतर बाप येऊ दे. थम माझा." ते पक्कं व्हायला तो परीक्षा घ्यायचा. परेड चालू असताना बाजूनं कुणाला तरी हाक मारायला लावायचा. जो वळला त्याला मैदानाला दहा चकरा. एकदा मला म्हणाला, "मामा, तुमी मारा हाक."

मी ओरडलो, "कोमल, ए कोमल, आज्जीच्या फोटूचा हार आणलाय, थांब की."

तिची मान हलली नाही. डावा उजवा, डावा उजवा, पुढं निघून गेली. उस्ताद माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झाली तयार." मला त्या दिवशी अभिमान वाटला. आता ते आठवलं की थोबाडीत मारून घ्यावं वाटतं.

मैदानाच्या मावळतीला जुनी दगडाची खण आहे. पाण्यानं भरलेली. आत बैलगाडी गेली तर जूसुद्धा दिसणार नाही एवढी खोल. काठापासून वीस कदम अलीकडं मी फक्कीची जाड रेघ ओढायचो. पोरं रेघेवर आली की उस्ताद थम द्यायचा. कुंपण घालायचं रोज ठरायचं आणि राहायचं.

मार्गशीर्षातली सकाळ होती. माळावर धुकं इतकं, की गेटाचा खांब दिसत नव्हता. दवानं रेघ पार विरघळली होती, म्हणून फक्कीचा डबा घेऊन मी खणीकडं निघालो होतो. तेवढ्यात बुटांचा आवाज आला. धुक्यातनं पहिली रांग बाहेर पडली, उजव्या टोकाला कोमल. मला वाटलं, आता थम येईल. आला नाही. रांग माझ्यासमोरनं गेली.

"थांबा," मी ओरडलो. "कोमल, थांब, खण हाय म्होरं."

कोण थांबलं नाही. का थांबतील? आम्हीच शिकवलेलं.

मी मागं बघितलं. उस्ताद रांगांच्या मागं, चार-पाच कदमांवर. त्याला कळलं होतं. तोंड पांढरं पडलेलं. ओठ गच्च मिटलेले, आणि उजवी मूठ वर. धोका दिसला की गप बसायचं आणि मूठ वर करायची, हे अकरा वर्षांचं त्याच्या अंगात उठलं होतं. मूठ बघून त्याच्या जुन्या माणसांतला एक ना एक गडी जागच्या जागी थिजला असता. पण या पोरांच्या पाठी त्याच्याकडं होत्या. मूठ बघणार कोण?

थम डाव्या पायावर द्यायचा असतो. वर दोन पावलं पडतात आणि मग रांग थांबते. गेटवर बसून बसून एवढं मला ठाऊक झालं होतं. काठ पाच पावलांवर असेल. मी डबा टाकला. तिचा डावा पाय बघितला आणि छाती फुटेल असा, त्याच्या आवाजात, त्याच्या हेलात ओरडलो,

"परेड... थम."

धप, धप. रांग थांबली. बुटाच्या टोकानं उडालेला खडा पाण्यात पडल्याचा आवाज आला. पोरं सावधान उभी होती, नजर समोर. समोर नुसतं पाणी आणि त्यावर धुकं.

मी खाली बसलो. पोरांना मागं कुणी घेतलं ते मला आठवत नाही.

दुपारी उस्ताद घरी आला. हिच्या फोटूसमोर उभा राहिला, मग भिंतीला टेकून खाली बसला. कोमलनं चहा आणला.

"एक इचारतो," तो म्हणाला. "खरं सांग. तुला म्होरची खण दिसत हुती?"

"व्हय, उस्ताद."

"कुठनं?"

"सात-आठ कदमांवरनं दिसली."

"मग?"

"थम आला नव्हता," कोमल म्हणाली.

तिनं ते असं सांगितलं, की जणू वहीतलं उत्तर बरोबर आलंय. त्यानं भरलेला कप तसाच खाली ठेवला. मला कळलं की हा माणूस भ्याला आहे. माझ्यासारखाच. मी त्याला शिव्या द्यायच्या म्हणून मनात जुळवून ठेवल्या होत्या. एकही बाहेर आली नाही.

"मामा," जाताना दारात म्हणाला, "माजा आवाज बसला न्हवता. आलाच न्हाय वो."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं परेड बंद केली आणि खणीच्या काठानं दगडी गडगा रचायला घेतला. मजूर लावले नाहीत. मी दगड द्यायचो, तो बसवायचा. गुडघा सुजायचा, तरी थांबायचा नाही. प्रत्येक दगड बसवला की दोन्ही हातांनी ढकलून बघायचा. हलला की काढून परत. छातीएवढा झाला तेव्हा म्हणाला, "आता मी गावाकडं जातो. भात लावीन. भाताला थम द्यावा लागत न्हाय."

मी म्हणालो, "पोरांचं कसं?"

"पोरांना दुसरा उस्ताद मिळंल. त्येला एकच आवाज असावा म्हंजे झालं."

आता तिथं दुसऱ्या कुणाची अकॅडमी आहे. गेटवर मीच आहे. कोमल भरती झाली, ट्रेनिंगला आहे. आठवड्याला फोन येतो. फोनला उशीर झाला की मी गडग्यापाशी जाऊन उभा राहतो. तुम्ही म्हणाल म्हातारा वेडा झाला. होऊ दे.

पण जायच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्यानं कोमलला मैदानावर एकटीला बोलावलं. गडग्यापासून चाळीस कदमांवर उभी केली, तोंड गडग्याकडं.

"चाल," म्हणाला. "आज मी थम देणार न्हाय."

पोर निघाली. हात बरोबर, पाय बरोबर. मी डोळे फिरवले. गडग्याला गुडघा आपटल्याचा आवाज आला, तरी जागच्या जागी तिचे पाय चालूच होते.

"परत," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला गुडघ्यातनं रक्त आलं. मी म्हणालो, "उस्ताद, बास करा, पाया पडतो." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"परत."

पाचव्या खेपेला चार कदम अलीकडं तिचा पाय अडखळला. एक पाऊल टाकलं. आणि ती थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. मान खाली, आता चकरा मिळणार म्हणून वाट बघत उभी.

त्यानं चकरा दिल्या नाहीत. पिशवी उचलली, पाय वाजू नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि लंगडत रस्त्याकडं निघाला. मीही हाक मारली नाही. पोर तशीच उभी होती. मग ती आपली आपण मागं वळली, तेव्हा मैदानात मी एकटाच होतो.