शिंगराचं इंजेक्शन

वर्धा स्टेशनवरचा तो टांगेवाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा, म्हणून मी, जनावरांचा डॉक्टर, त्याचं एकदाही नीट ऐकत नसे. त्याच्या चार दिवसांच्या शिंगराला ताप होता. मी अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरलं.

"साहेब, पिलू दूध पिऊन नाई राह्यलं. मुतूनबी नाई राह्यलं. मुतून नाई राह्यलं."

"ऐकलं रे बाबा."

अशा कोरड्या पडलेल्या पिलाची मूत्रपिंडं त्या औषधानं निकामी होतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्याचं बोलणं कानाआड करून सुई टोचली; दुसऱ्या दिवशीही ताप उतरेना म्हणून डोस वाढवला. शिंगरू गेलं.

पुढच्याच महिन्यात तो दुसऱ्या टांगेवाल्याला घेऊन आला. "या साहेबायनं माह्या पिलासाठी लय मेहनत घेतली. यायलेच दाखव."

मी खाली मान घालून सुई उकळायला ठेवली. खरं काय झालं, ते सांगितलं नाही.