बाईच्या पत्रांतले बाबा

वरोऱ्याजवळच्या खेड्यात माझी थोरली बहीण राहते. आम्ही तिला बाई म्हणतो. बाबा शेवटचे आजारी पडले ते तिच्याकडेच. मी तेव्हाही एटापल्लीला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. तिने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, "सुट्टी मिळत नाही, बाई."

मी सुट्टी मागितलीच नव्हती. खाटेवर पडलेले बाबा बघायची मला भीती वाटत होती. त्या दिवसांत मी लोकांच्या बैलांच्या जखमा धूत होतो, त्यांच्या मानेवरून हात फिरवत होतो. सतराव्या दिवशी बाबा गेले. मी पोचलो तो थेट मातीला.

बाईने मला काही विचारलं नाही. उलट आलेल्या नातेवाइकांना सांगत होती, "तो तरी काय करंल? नोकरी सरकारची हाये." तिथून उठून जावंसं वाटलं.

दोन वर्षं हे पोटात ठेवलं. फोनवर कितीदा सुरुवात केली.

"बाई, एक सांगायचं होतं."

"सांग ना. पण जेवला का?"

मग तिकडे कोणीतरी हाक मारायचं, इकडे नेटवर्क जायचं. खरं सांगतो, ते गेलं की मला बरंच वाटायचं.

शेवटी पोस्टात जाऊन अंतर्देशीय पत्र मागितलं. खिडकीतला माणूस हसला. "काऊन डॉक्टर, मोबाईल बैलानं खाल्ला का?" मी डॉक्टर नाही, मलमपट्टी करणारा माणूस आहे, पण इथे गुरांना हात लावील तो डॉक्टर.

त्या निळ्या कागदावर जागा कमी असते. तेच बरं झालं, सबबींना जागा उरली नाही. सुट्टी मागितली नव्हती, भ्यालो होतो, एवढंच लिहिलं. पेटीत टाकल्यावर हात घालून ते परत काढता येतं का, हेही करून पाहिलं.

तीन आठवडे उत्तर नाही. फोनही नाही. बाईने मला तोडलं, असं मी धरून चाललो होतो. मग एका दुपारी डाकवाला दवाखान्यातच आला. बाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या.

"बाबू, पत्र वाचलं. लई राग आला. चार दिवस कोणाशी बोलली नाई. कापूस वेचता वेचता तुले शिव्या देल्या. तुये भाऊजी म्हणे, आज कापूस लवकर वेचून झाला. मंग वाटलं, बाबाचे ते दिवस तुले माईतच नाई. मी एकटीच घेऊन बसली. आता एकेक लिहतो. पहिल्या दिवशी बाबा म्हणे, भातात मीठ नाई. मीठ होतं."

तेव्हापासून आमची पत्रं चालू आहेत. मी कोणाची गाय व्याली ते कळवतो, ती बाबांचा एक दिवस लिहिते. पाचव्या दिवशी दाढी करायला न्हावी आला, तर बाबा त्याला म्हणाले, "हळू रे, मी पिकलेलं सीताफळ हाये." हे वाचून मी मोठ्याने हसलो. बाबा गेल्यावर त्यांच्या आठवणीने पहिल्यांदाच हसलो.

नवव्या दिवसाचं पत्र मी औषधांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. त्या दिवशी बाबांनी विचारलं होतं, "तो येऊन राह्यला का?" बाई म्हणाली होती, "हो, निघाला." खाली तिने लिहिलं होतं, "मी बी खोटं बोलली. तू एकटा नाईस."

ती ओळ मी किती वेळा वाचली, सांगता येत नाही. फोनवर ती हे कधीच बोलली नसती, आणि मीही तिला बोलू दिलं नसतं.

सोळा दिवस लिहून झाले. परवाच्या पत्रात आहे, "शेवटचा दिवस लिहत नाई. इथी ये, समोर बसून सांगतो. अजून भेव वाटत असंल तं भीत भीत ये."

जे दिवस मी स्वतःच्या हाताने घालवले, ते तिने राग गिळून मला लिहून दिले. माझ्या एका पत्राने ते मिळवले असं म्हणवत नाही. तिचं मनच तेवढं मोठं. उद्या सकाळच्या एसटीने निघतो आहे. भीत भीतच.