मोहडोह, लोकसंख्या एक

माझी मावशी वच्छला हुडकेश्वरच्या शाळेत मास्तरीण होती. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे नागपूरबाहेरचं खेडंच. तिनं लग्न केलं नाही. अक्षर सुबक, हिशेबात चूक नाही, म्हणून जनगणनेचं काम दर वेळी तिच्याच गळ्यात पडायचं. तिलाही ते आवडायचं. माणसं किती आणि चुली किती हे विचारल्याशिवाय घर कळत नाही, असं ती म्हणायची.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये तिच्या वाट्याला बोरडोंगरी आलं, आणि त्याला लागून असलेलं मोहडोह रिठी. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. नकाशात त्याची हद्द असते, कागदावर नाव असतं, पण राहणारं कुणी नसतं.

"तिथं जायची गरज नाही बाई," तहसिलीतला कारकून म्हणाला. "दर वेळी शून्यच असते."

"पाहिल्याशिवाय शून्य कसं लिहू?" मावशी म्हणाली.

बोरडोंगरीचा कोतवाल नत्थूजी तिला घेऊन निघाला. सकाळचे अकरा वाजले असतील. मोहडोहच्या नाल्याशी येऊन तो खाली बसला.

"तुम्ही पाहून या. मी इथंच बसतो."

"काहून?"

"पाय दुखून राहिला माहा."

दोन मैल तो तिच्या पुढं झपझप चालत आला होता.  मावशी एकटीच नाला ओलांडून गेली.

पलीकडं घरांची नुसती जोती उरली होती, त्यांवर बोराटीची झुडपं. मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा पडला होता आणि तो कुणी वेचला नव्हता. हे मावशीला सगळ्यात आधी खटकलं. आपल्याकडं मोह असा पडून राहत नाही. पाखरांचाही आवाज नव्हता.

शेवटच्या जोत्यापुढं मात्र अंगण झाडलेलं होतं. शेणानं सारवलेलं, अजून ओलं, कडेला रांगोळी. एक सत्तरीची म्हातारी पळसाच्या पत्रावळी मांडत होती. मावशीनं सवयीनं मोजल्या. आठ.

"या बाई," म्हातारी म्हणाली. "दहा वर्सांनं येता तुम्ही लोक, अन् नाल्यावरूनच वापस जाता. तुम्ही पहिल्याच आल्या."

तिचं नाव रंभाबाई. मावशीनं जनगणनेच्या, माणशी एक भरायच्या चिठ्ठ्या काढल्या. घरात कोण कोण, असं विचारल्यावर रंभाबाईनं न अडखळता सांगितलं. सासरा, सासू, मालक, दोन दीर, एक जाऊ, एक नणंद. प्रत्येकाचं नाव, वय, अक्षरओळख आहे की नाही, सगळं.

"अन् माही लेक, पंचफुला. दीड वर्साची."

मावशीचा हात थांबला. "लेक की पणती, आजी?"

"लेक. माह्या पोटची."

"सगळे कुठं आहेत?"

"आत्ताच उठले ना. तुमच्या पायाचा आवाज आला, म्हणून आतमंदी गेले."

आत असं काही नव्हतंच. जोतं होतं आणि वर आभाळ. मावशीनं खाली पाहिलं. ओल्या सारवणावर पावलं उमटली होती. मोठी होती, बायकी होती. त्यांच्या मधून एक इवलं पाऊल रांगोळीपर्यंत आलं होतं आणि तिथून परत वळलं होतं.

घरचं माणूस सांगेल ते लिहायचं, वाद घालायचा नाही, असा नियम होता. मावशीनं आठही चिठ्ठ्या पुऱ्या केल्या. त्या लिहिण्याबद्दल ती मला एवढंच म्हणाली होती, "अक्षर थोडं वाकडं आलं." मग ती उठली आणि मागं न पाहता चालू लागली. नाल्यापर्यंत तिला वाटत राहिलं की मागं कुणी तरी जेवायला बसलंय आणि ती गेल्याशिवाय घास उचलणार नाही.

नत्थूजीनं ऐकलं आणि कानाला हात लावला.

"रंभाबाई जिती हाय, बाई. आमच्याच गावात राहते, चुलत पुतण्याकडे, रुपरावकडे. रोज सकाळी इथं येते. मानमोडीच्या सालात ती दिवाळीले माहेरी गेली होती. पोरीले सासूनं ठेवून घेतलं. वापस आली तं घरात कोनीच नाही. आठ दिवसांत सारं गाव उठलं."

मानमोडीची साथ एकोणीसशे अठराची. मावशीनं हिशेब केला. त्रेपन्न वर्षं.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला पुन्हा फेरी मारायची असते. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं, कुणी गेलं, ते दुरुस्त करायला. मावशी रुपरावच्या घरी गेली. नत्थूजीचं ऐकल्यावर रंभाबाईला तिनं बोरडोंगरीत लिहून घेतलं होतं. आता आठ चिठ्ठ्या रद्द करायच्या होत्या, आणि ते न सांगता करणं तिला जमेना.

"आजी, गेलेल्या माणसाला लिहिता येत नाही."

रंभाबाई रागावली नाही. "सात जणाइचं मी समजतो. सासरे सांगत, पहिले गिनती झाली तवा घराले गेरूचा आकडा टाकून गेले होते. ते मोजल्या गेले होते कवातरी. पण पंचफुला त्या गिनतीच्या मागून आली, अन् दुसरी व्हायच्या पहिले गेली. तिले कोनं लिहिलं, सांगा?"

मावशीनं जनगणनेची सालं आठवली. एकोणीसशे अकरा आणि एकवीस. मधे सतरा साली जन्मलेली, अठरा साली गेलेली पोर. कुठल्याच कागदावर ती नव्हती.

एकेक नाव वाचून मावशी रेघ मारत गेली. शेवटच्या चिठ्ठीवर रंभाबाईनं बोट ठेवलं.

"हिले राहू द्या."

"नाही राहू देता येत, आजी."

बोट बाजूला झालं. मावशीनं रेघ मारली. मोहडोहपुढं शून्य लिहिलं आणि कागद जमा केले.

दोन-तीन वर्षांनी गावागावांचे आकडे छापून आले. पंचायत समितीत ते पुस्तक मावशीच्या हाती पडलं. तिनं मोहडोहची ओळ शोधली. घरं एक. पुरुष शून्य. स्त्रिया एक.

"ती म्हातारीच मोजल्या गेली असन," तिथला बाबू म्हणाला.

तसं असतं तर बोरडोंगरीत एक बाई कमी भरायला हवी होती. मावशीजवळ तिची जुनी टिपणवही होती. तिनं ताळा केला. बोरडोंगरी बरोबर होतं, एकही कमी नाही. रेघा तर तिनं स्वतः मारल्या होत्या, आठच्या आठ. चूक कुणाची, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही.

त्याच रविवारी ती बसनं बोरडोंगरीला गेली. रंभाबाई ओट्यावर तूर निवडत होती. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. मावशीनं तिला सगळं सांगितलं. छापील पुस्तकात मोहडोह आहे, तिथं एक बाई राहते असं लिहिलंय.

रंभाबाईचा हात सुपात थांबला. 

"वय काय लिहिलं तिचं?"

"वय नसतं त्या पुस्तकात. नुसतं बाई की माणूस एवढंच."

"मंग बरं हाय," रंभाबाई म्हणाली आणि तूर पाखडू लागली. "वाढली असन आतापावेतो."

मावशी सांगायची, तो आवाज एखाद्या सासरी दिलेल्या लेकीबद्दल बोलावं तसा होता, आणि त्यामुळंच भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. त्यानंतर रंभाबाईनं मोहडोहला जाणं सोडलं. रुपरावनं विचारलं तर म्हणाली, आता तिचं ती पाहून घेते. शहात्तर साली रंभाबाई गेली.

एक्क्याऐंशीच्या जनगणनेत मावशीनं मोहडोह स्वतःहून मागून घेतलं. नाल्यापाशी थांबायला या वेळी नत्थूजी नव्हता. ती एकटी जाऊन आली. काय पाहिलं, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. शून्य लिहिलं, असं म्हणाली.