शेवटच्या दाराची अक्का

पाणीपट्टी कमी करा म्हणणारे शेतकरी मी नोकरीभर पाहिले. वाढवा म्हणणारी एकच भेटली, महादेवी अक्का. दक्षिण सोलापुरात कालव्यातून निघणाऱ्या एका चारीवर मी कालवा निरीक्षक म्हणून नव्यानं रुजू झालो होतो. चारीच्या शेवटच्या गावात पट्टी मागायला गेलो, तर माझी मोटारसायकल बघून माणसं एकेक करून रानाकडं निघून गेली. देवळाच्या कट्ट्यावर साठीची, उंच, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे ओढलेली एक बाई तेवढी बसून राहिली.

"दुप्पट दिली तर पाणी येईल का?" तिनं विचारलं.

मला वाटलं, टोमणा मारते आहे. "सरकारी दर ठरलेला असतो, बाई," मी म्हणालो.

"दराचं न्हाय इचारलं. पाण्याचं इचारलं. न येणारं पाणी फुकट दिलं तरी लई महाग पडतं, साहेब."

कागदावर त्या गावाला ठरल्या पाळीनं पाणी मिळत होतं. प्रत्यक्षात ते तीन कोस वर, चारी सुरू होते त्या गावातच जिरायचं. तिथं काठावरून टाकलेले पाइप माझ्या आधीच्या माणसाला ठाऊक होते, मलाही झाले होते. त्याच्यासारखीच मान वळवायला मीही शिकलो होतो. अक्काची गोष्ट वेगळी होती. चारी जिथं सुरू होते ते तिचं माहेर आणि जिथं संपते ते सासर.

त्या वर्षी तिनं गाव गोळा केलं. सरकारी पट्टी आगाऊ भरायची आणि वर तेवढेच पैसे पाणी वापर संस्थेत टाकायचे. त्यातून चारीवरची पाणी सोडायची-अडवायची मोडकी दारं दुरुस्त करायची, कुलपं लावायची, राखण्या ठेवायचा. अट एकच, पाळी शेवटच्या गावापासून सुरू व्हायची. एक म्हातारे शेतकरी उसळून म्हणाले, "धरणाचं पाणी आपल्या हक्काचं. त्याला दुप्पट का म्हणून?"

"बोअर पाडायला देता की! कोरडी लागली तर मशिनवाला परत देतो व्हय?" अक्का म्हणाली. "हक्क हक्क म्हणत माझं मालक गेलं. त्या हक्कानं ज्वारीचं एक ताट भिजलं न्हाय."

गावानं पैसे भरले, काहींनी घरातलं धान्य विकून. मी वरच्या साहेबांची सही आणली. अक्काच्या माहेरच्या गावानंही बैठकीत माना डोलावल्या.

पाळी सुटली तेव्हा ज्वारी पोटऱ्यात आली होती. त्या एका पाण्यावर कणसं भरणार होती. पाणी सकाळी पोचायला हवं होतं. दुपार झाली तरी चारीच्या तळाला नुसती ओल. माणसं काठावर येऊन उभी राहिली.

"चला," म्हणून अक्का माझ्या गाडीवर मागं बसली.

वरच्या गावात चारीमध्ये वाळूची पोती आडवी टाकून पाणी तुंबवलं होतं. तिथून मांडीएवढा जाड पाइप काठावरून खालच्या उसात उतरला होता. ऊस तिच्या धाकट्या भावाचा, शिवप्पाचा. तो चार गड्यांना घेऊन काठावरच उभा होता.

"अक्का, तू? घरी चल की, जेवून जा."

"जेवायला न्हाय आले, तम्मा. पाइप काड." धाकट्या भावाला ती कानडी रीतीनं तम्मा म्हणे.

"ऊस वाळाय लागलाय. तुझ्या रानाला लागंल तेवढं पाणी मी टँकरनं धाडतो. भाऊ हाय मी तुझा."

"माझ्या एकलीसाठी आले असते तर भाकरी बी खाल्ली असती. ह्ये गावाचं पाणी हाय. पैसे भरल्यात त्यांनी."

"मग न्हाय काडत, जा!"

एका गड्यानं फावडं उचललं. सरकारचा माणूस मी, खिशात फोन, आणि नुसता बघत उभा. अक्कानं पदर खोचला आणि ती चारीत उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं. तिनं पाइपचं तोंड दोन्ही हातांनी पाण्याबाहेर उचलून खांद्यावर घेतलं. पाइप घरघरला, उसातली धार तुटली. तुंबलेलं पाणी फुगून पोत्यांवरून खाली सांडायला लागलं.

"खाली टाक ते!" शिवप्पा ओरडला. "न्हायतर आजपासनं तुला माहेर न्हाय!"

अक्कानं पाइप खांद्यावर आणखी वर सरकवला. "न्हाय तर न्हाय," ती म्हणाली. "पण ह्ये मी खाली टाकणार न्हाय."

फावडंवाला पुढं सरकला. तेव्हा कुठं मी बुटांसकट पाण्यात उतरलो आणि पाइपखाली खांदा दिला. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "साहेब, घट धरा."

किती वेळ गेला कोण जाणे. अखेर शिवप्पानं गड्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं, पोती काढायची खूण केली आणि उसात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत पाणी शेवटच्या दाराला लागलं. गावानं नारळ फोडला. अक्का त्याला आली नाही; ती रानात वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरत होती.

माहेर मात्र खरंच तुटलं. नागपंचमीला बोलावणं आलं नाही. भाच्याच्या लग्नाची पत्रिकाही नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "पाण्याचं मोल मी गावाला सांगत हुते, साहेब. माझ्याकडनं ते एवढं घेईल, ह्ये मला कुटं ठावं हुतं!" आणि लगेच पुढच्या पाळीचं विचारायला लागली.

यंदा रब्बीची पाळी चालू असतानाच अक्का गेली. छातीत कळ आली आणि घरातच संपली. मातीला शिवप्पा आला, हातात माहेरचं लुगडं घेऊन. अक्काच्या थोरल्या मुलानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं, मग पुढं होऊन लुगडं घेतलं.

परतताना शिवप्पा माझ्याजवळ थांबला. "ह्या खेपंला आमच्याकडचं दार मी सोता बंद केलं, साहेब. राखण्या याच्या आदी. तिला कुणी सांगितलं हुतं का?"

राखण्यानं मला ते पाळीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानंतर तीनदा मी अक्काच्या घरावरून गेलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्हीच येऊन सांगाल."

"यीन म्हणलं हुतं," तो म्हणाला. "पाळी संपली की."