नव्या नाटकातला दुकानदार

नातीच्या गॅदरिंगला खोट्या मिशीच्या गोंदाचा वास आला आणि ऐंशीच्या सुमाराचा नाशिकमधला एक प्रयोग आठवला. गल्लीतल्या एका मुलाने नवं नाटक लिहिलं होतं. तराजू, पोती माझ्याच दुकानातून नेली होती. त्यातला दुकानदार गिऱ्हाइकावर, बायकोवर खेकसत होता. लोक हसले, शेजारी माझी बायकोही हसली. मी उठून ओरडलो, "माझंच सामान नेऊन माझीच टिंगल करतोस?" प्रयोग थांबला. विंगेतून येऊन तो हळूच म्हणाला, "काका, तुम्ही नाही. हे आमच्या वडिलांवर आहे." तोवर सगळ्यांसोबत हसणाऱ्या त्याच्या वडिलांनी पहिल्या रांगेत मान खाली घातली. पोराने आधी सांगायला हवं होतं, असं मी अजून म्हणतो. पण तेव्हापासून नव्या नाटकाला बायको मला घरी ठेवून एकटीच जाते.